तानुमायचा पत्रा

गारा पडल्या त्या दिवशी खडकेवाडीतल्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाईल होता. ज्याला त्याला आपल्या तळहातावर गार ठेवून फोटो काढायचा होता. कुणी लिंबाशेजारी ठेवून काढला, कुणी अंड्याशेजारी. दिवस मावळेपर्यंत राणीसावरगावापासून गंगाखेडपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला गाराच गारा. दत्तरावाच्या फुटलेल्या छपराचा फोटो मात्र एकाही माणसानं काढला नाही. त्याचा स्वतःचा पोरगा, नागसेन, गंगाखेडला मोबाईलच्याच दुकानात कामाला. घरी आल्यावर त्यानंही काढला तो परातीत साचलेल्या गारांचा.

दत्तराव ग्रामपंचायतीचा शिपाई. सकाळ-संध्याकाळ टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, गावाला पाणी सोडायचं, बंद करायचा, हे त्याचं मुख्य काम. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला तो टाकीवरच होता. बालाघाटाच्या डोंगराकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि धोंडे मारावेत तशा गारा सुरू झाल्या. तो टाकीच्या खांबांमध्ये अंग चोरून उभा राहिला. तिथून त्याला वस्तीतले पत्रे फुटल्याचे आवाज येत होते. त्यातला आपला कोणता, ते कळत नव्हतं.

घरात त्याची बायको सत्यशीला होती आणि बाळंतपणाला आलेली लेक नीलम, नऊ दिवसांच्या पोरीला घेऊन. घर म्हणजे दोन खोल्या, मध्ये छातीएवढी भिंत आणि वर सिमेंटचे आठ पत्रे. पहिला पत्रा फुटला तेव्हा सत्यशीलेनं लेकीला कोपऱ्यात बसवलं, तिच्या मांडीवर पोर दिलं आणि भाकरीची परात दोघींच्या डोक्यावर धरून ती उभी राहिली. दहा-बारा मिनिटं तिनं परात हलू दिली नाही. उजव्या हाताची दोन बोटं परातीच्या काठाबाहेर होती, ती सुजून वांग्यासारखी झाली. परातीला खळ्या पडल्या. पोरीला ओरखडासुद्धा आला नाही.

दत्तराव पळत आला तेव्हा आठही पत्रे जमिनीवर होते आणि वर आभाळ होतं.

सगळ्यात आधी तानुबाई आली. बोळीच्या पलीकडे तिचं एकटीचं घर. सगळं गाव तिला तानुमाय म्हणतं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आपल्या शेळीच्या खोपटावरचा टिनाचा पत्रा तिनं स्वतः उचकटला आणि डोक्यावर घेऊन आली.

"तानुमाय, शेळीचं काय?" सत्यशीला म्हणाली.

"शेळीला काय झालंय? बाळंतीण उघड्यावर ठिवतेत का? धर, उचल."

मग एकेकानं आणले. भुजंगच्या हॉटेलच्या तोंडावरची सावली होती, तो पत्रा त्यानं आणला. वस्तीतल्या चार घरांनी चार दिले. किशनराव गावातले मोठे जमीनदार. त्यांनी आपल्या शेतातल्या आखाड्यावरचे दोन पत्रे सालगड्याजवळ पाठवले. सालगड्यानं ते वस्तीच्या कोपऱ्यावर टेकवून ठेवले आणि तिथूनच हाक मारली, "मालकानी सांगितलंय, काम झालं की हितंच आणून ठिवा." तरी दिले, हे खरं. अंधार पडायच्या आत आठ पत्रे वर चढले. एक लाल गंजलेला, एक पांढुरका, एकाला जुन्या खिळ्यांची भोकं. तानुमायच्या पत्र्याला कोपऱ्यात डांबराचं ठिगळ होतं आणि चारा अडकवायची तारेची कडी तशीच लोंबत होती. कुठल्याही दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, पण खाली बाळंतीण कोरडी झोपली.

सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे दुसऱ्या दिवशी बोळीत टाकले. तिथं नळाच्या गळतीनं बारा महिने चिखल असतो. गावाला पाणी सोडणाऱ्याच्या दारातच चिखल, यावरून लोक दत्तरावाची टिंगल करायचे. तुकडे पसरले, भुजंगनं वरून पायानं दाबले आणि म्हणाला, "घ्या, झाला सिमेंटचा रस्ता." सगळे हसले.

विम्याची आठवण तिसऱ्या दिवशी झाली.

घर बांधताना बँकेनं कर्जाबरोबर हा विमा गळ्यात मारला होता. कर्ज फिटून दोन वर्षं झाली, पण एजंट जीवन म्हणाला, "मामा, विमा बंद करू नका, घर म्हणजे लक्ष्मी." दत्तरावानं चालू ठेवला. विम्याचा कागद त्यानं लॅमिनेशन करून पेटीत ठेवला होता. गावात पिकाचा विमा सगळ्यांचा, घराचा फक्त आपला, याचा त्याला थोडा तोराही होता. त्यानं जीवनला फोन लावला.

"जय भीम मामा! बोला."

दत्तरावानं सगळं सांगितलं.

"फोटो काढले का?"

"न्हाई."

"फुटलेले पत्रे ठिवलेत का?"

"बोळीत टाकले. चिखल व्हता."

"आन वर दुसरे टाकून पण घेतले? मामा, कंपनीला न विचारता कशाला हात लावायचा नसतो."

"नऊ दिवसाचं लेकरू हाय घरात, जीवन."

"ते बरुबर हाय. पण कंपनीला लेकरू दिसत न्हाई. तुमी त्या नंबरावर तक्रार नोंदवा, पुढचं मी बघतो."

त्या नंबरावर बाई आधी गाणं ऐकवायची. मग एक दाबा, दोन दाबा. मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं चौदा वेळा सांगून कॉल कापायची. एकदा दत्तराव टाकीवर फोन कानाला लावून बसला, तर इकडं टाकी भरून वाहिली आणि खालच्या शेडमध्ये अंगणवाडीच्या तांदळाची पोती भिजली. सरपंचानं चारचौघांत विचारलं, "तुझा पगार ग्रामपंचायत देती का कंपनी?" दत्तरावानं मान खाली घातली. छप्पर आपलं फुटलं, पैसे आपण भरले, आणि चोर असल्यासारखं आपणच ऐकून घ्यायचं. पण बोलणार कुणाला?

सव्वीस दिवस गेले. ऊन वाढलं. लोकांनी पत्रे मागितले नाहीत, पण माणसाला न मागताही ऐकू येतं. भुजंगच्या हॉटेलासमोर गिऱ्हाइकं उन्हात बसेनात, तो कपाळ पुसत म्हणायचा, "सावलीचं बघावं लागंल आता." किशनरावांच्या सालगड्यानं दोनदा वाटेत गाठून विचारलं. तानुमाय मात्र काही बोलली नाही. तिची शेळी दिवसभर उघड्या खोपटात धापा टाकत उभी असायची आणि तानुमाय तिच्यावर ओलं पोतं टाकायची. दत्तराव दारातून बाहेर पडला की पहिली ती शेळी दिसायची. मृगाच्या आत ज्याचा त्याला पत्रा परत द्यायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. विम्याचे पैसे आले की नवे पत्रे आणायचे आणि हे आठ पुसून, तेल लावून, ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. तानुमायच्या खोपटावर तर आपणच चढून बसवून द्यायचा.

शेवटी एकदाची तक्रार नोंदली गेली. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर येणार त्याच्या आदल्या दिवशी जीवन मोटारसायकलवर आला. गॉगल, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दारात उभा राहून त्यानं छपराकडं पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्यॅक' केलं.

"मामा, ह्ये काय दाखवणार सायबाला? ह्ये तर साबूत हायत."

"ह्ये आमचे न्हाईत. लोकांचे हायत. आमचे फुटले."

"मंग तुमचे कुठं हायत?"

"तू ज्याच्यावरून गाडी आनलीस, ते."

जीवननं मागं वळून बोळीकडं पाहिलं. महिन्याभरात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी तुकड्यांचा पार भुगा झाला होता. वर चिखल, त्यावर शेण.

"मामा, ह्याला कुणी पुरावा म्हणत न्हाई," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून घेऊन बसला आणि आवाज खाली आणला. "एक सांगू का? कागदावर नुसतं 'पत्र्याचं छप्पर' लिवलंय. सिमेंटचं का टिनाचं, काई न्हाई. ह्येच तुमचं मूळ छप्पर म्हनायचं. आन ह्याला भोकं पाडायची. लिंबाएवढी. लय मोठी न्हाई."

"लोकांच्या पत्र्याला?"

"नवे आणून द्या की! पैशे आल्यावर एकाचे दोन द्या. लोक तुमचं नाव घेतील. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. साहेब येतील, 'नुकसान नाही' लिवतील, जातील. मृगाला मंग छत्री घेऊन झोपा."

सत्यशीला चुलीपुढून उठून आली. सुजलेली बोटं अजून नीट मिटत नव्हती. "त्यांनी आपल्यावर घातलेत ते," ती म्हणाली. "आपल्याला गरज व्हती म्हनून काढून दिलेत. त्यालाच भोकं पाडता?"

"मामी, भावनेवर क्लेम पास व्हत न्हाई," जीवन म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला. कपात बिस्किटाचा गाळ होता. तो गेल्यावरही त्याच्या सेंटचा वास घरात राहिला.

दत्तराव रात्रभर छपराकडं बघत पडला. सकाळी पाणी सोडून आला आणि त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली.

"मी हात लावणार न्हाई," सत्यशीला म्हणाली.

"नको लावू. मंग पाऊस आल्यावर कुणाकुणाचं तोंड बघू, ते तू सांग."

ती आतल्या खोलीकडं वळली. नीलमला म्हणाली, "पोरीला घे, तानुमायकडं जाऊन बस. गंज पडंल डोळ्यात."

दत्तरावानं पाण्याचा रिकामा लोखंडी ड्रम उलटा केला, वर चढला, पहार दोन्ही हातांनी धरली आणि खालून पत्र्यावर मारली. छपरावर चढायची सोय नव्हती. जुने टिन, माणसाचं वजन पेलणारे नव्हेत. पहिला घाव नुसताच घुमला. दुसऱ्याला पत्रा फाटला आणि उन्हाची एक सळई सरळ त्याच्या तोंडावर आली. गंजाचा चुरा डोळ्यात, नाकात, तोंडात. तो थुंकला आणि ड्रम पुढं सरकवला. भुजंगचा झाला. वस्तीतले चार झाले. किशनरावांच्या पत्र्यांवर त्यानं दोन घाव जास्तच मारले, हे त्यालाही कळलं.

शेवटचा तानुमायचा. डांबराचं ठिगळ, तारेची कडी. त्यानं पहार वर नेली. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून तिचीच हाक आली. मांडीवर त्याची नात झोपलेली, एका हातानं तिच्यावरच्या माशा वारत म्हातारी विचारत होती, "काय ठोकायलास रे दत्ता सकाळपासून?"

"खिळे मारायलोय, तानुमाय. गळू न्हाई म्हनून," तो ओरडून म्हणाला.

"बरं केलास. लेकराचं घर हाय. नीट मार."

त्यानं पहार खाली घेतली. तो एक पत्रा त्याच्यानं फोडवला नाही. तो ड्रमवरून उतरला, बाहेर जाऊन चूळ भरली. गंजाची चव तोंडातून जाईना.

सर्व्हेअर बारा वाजता पांढऱ्या गाडीतून आला. बोळीतल्या तुकड्यांवरून चाकं गेली तेव्हा कर्र आवाज झाला. गाडीतून उतरायच्या आधी त्यानं नाकाला रुमाल लावला. सत्यशीलेनं पाणी आणलं. "माझी बाटली आहे," तो म्हणाला. चहा विचारला. "चहा सोडलाय." चहा सोडलेल्या या गृहस्थानं परतीच्या वाटेवर किशनरावांच्या ओसरीत बसून दोन कप घेतले, हे नंतर भुजंगनं सांगितलं.

सत्यशीला परात घेऊन पुढं आली. "साहेब, ह्ये बघा. गारांनीच ह्या खळ्या पडल्यात. मी डोक्यावर धरली व्हती. ही माझी बोटं."

सर्व्हेअरनं परातीकडं पाहिलंसुद्धा नाही. "सामानाचा विमा नाही तुमचा. फक्त बांधकामाचा."

मग तो आत आला. मान वर करून छपराकडं बघत राहिला. सात पत्र्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. त्यानं मोबाईलवर फोटो काढले, बोटानं भोकं मोजली आणि एका जागी थांबला.

"हा एक कसा राहिला?"

"काय, साहेब?" दत्तराव म्हणाला.

"सात पत्रे फुटले, मधल्या ह्या एकाला ओरखडा नाही. गारा बाजूनं गेल्या का?"

जीवन पटकन म्हणाला, "तो जाड असंल, साहेब."

"शिडी आहे?"

शिडी लावली. सर्व्हेअर चार पायऱ्या चढला, वळचणीजवळच्या भोकावर बोट टेकवलं, वाकून पाहिलं आणि खाली उतरला. हात रुमालाला पुसले. "तुम्ही चढा," तो दत्तरावाला म्हणाला. दत्तराव चढला. "त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. वरच्या बाजूनं. फिरवा की."

दत्तरावानं फिरवलं. फाटलेल्या टिनाची कड सगळी वर उचललेली होती. बोट कापलं.

"धार कुठल्या बाजूला आहे?"

"वर, साहेब."

"तुमच्या गावात गारा खालून वर पडतात का?"

जीवन हसला. मोठ्यानं हसला. बोळीत जमलेल्या दोन पोरांनाही हसू आलं. दत्तराव शिडीवर तसाच उभा राहिला, बोटातलं रक्त पत्र्यावर पडत होतं. खाली उतरावं तर उतरून तोंड कुठं लपवावं, ते त्याला कळेना.

"मामा!" जीवन एकदम गंभीर होऊन म्हणाला. "ह्ये काय केलंत? साहेब, मला काई म्हाईत न्हाई. मी कालच सांगितलं यांना, जे हाय ते खरं दाखवा."

दत्तरावानं त्याच्याकडं पाहिलं. त्या पांढऱ्या शर्टावर थुंकावं असं त्याला फार वाटलं. पण तोंड कोरडं पडलं होतं.

"साहेब," तो खाली येऊन म्हणाला, "आता खरं सांगतो. आमचे सिमेंटचे पत्रे व्हते. आठच्या आठ फुटले. ह्ये लोकांनी दिलेत. फुटलेले त्या बोळीत हायत, तुमच्या गाडीखाली."

"आधी एक सांगता, मग एक. मी कोणतं धरायचं?"

तोवर सत्यशीला खुरपं घेऊन बोळीत जाऊन बसली होती. गाडीच्या चाकाशेजारी शेणचिखल उकरून तिनं पंजाएवढा एक तुकडा काढला. नळाखाली धुतला. सिमेंटची राखाडी नागमोडी स्वच्छ दिसायला लागली. तो तिनं दोन्ही हातांवर धरून सर्व्हेअरपुढं नेला, देवळात नारळ न्यावा तसा.

"ह्यो बघा, साहेब. आमच्याच घराचा."

"कशावरून?" सर्व्हेअर म्हणाला. त्यानं हात पुढं केला नाही. "बाई, असे तुकडे कुठंही मिळतात." मग तो दत्तरावाकडं वळला. "ह्यावर केस होऊ शकते, माहिती आहे ना? मी करत नाही. गरीब माणूस दिसता." त्यानं कागद पुढं केला. "इथं सही. तपासणी तुमच्यासमोर झाली म्हणून."

दत्तरावानं सही केली. कागदावर कापलेल्या बोटाचा डाग उमटला. सर्व्हेअरनं तोंड वाकडं करून कागद दोन बोटांनी उचलला.

खोटं बोलला तो दत्तराव, हे कुणीही म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. पण एक महिना तो खरं घेऊन बसला होता तेव्हा ते खरं उचलायलाही कुणी आलं नव्हतं. खोट्याला मात्र साहेब शिडी चढला.

गाडी गेल्यावर जीवननं मोटारसायकलला किक मारली आणि मागं वळून, जवळ येऊन, हळूच म्हणाला, "मामा, वरून मारायची ना! एवढं डोकं पाह्यजे. आन माझ्या दोन चकरा झाल्या, पेट्रोलचं बघा काई."

सत्यशीलेनं हातातला तुकडा उगारला. जीवन निघून गेला. तिनं तो तुकडा परत बोळीत टाकला, जिथून काढला होता तिथंच, आणि पायानं दाबला.

पंधरा दिवसांनी मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. नागसेननं वाचून सांगितला. सदर नुकसान गारपिटीनं झाल्याचं आढळत नाही, दावा फेटाळला. आपल्या विश्वासाबद्दल आभार. पुढच्या वर्षीचा हप्ता अमुक तारखेच्या आत भरावा.

"आभार कशाचे?" सत्यशीला म्हणाली.

दत्तरावानं पेटीतून लॅमिनेशन केलेला कागद काढला, चुलीजवळ नेला. प्लास्टिक जळेना, नुसतं आकसून घाण वास सुटला. शेवटी त्यानं तो अर्धवट जळका कागद बोळीत फेकला.

आता पत्रे परत द्यायचे तर कोणत्या तोंडानं? किशनरावांच्या कानावर चहाबरोबरच सगळं गेलं होतं. सालगडी येऊन कोपऱ्यावरूनच म्हणाला, "मालक म्हनले, फुटके पत्रे नगं. नवे दोन द्या." दत्तराव हॉटेलात गेला की भुजंग कपबशा धुवायला आत जायचा. वस्तीतली माणसं सरळ म्हणाली, "दत्ता, आमाला सांगितलं असतंस तर आमीच कायतरी केलो असतो. न विचारता कशाला?" ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. तानुमायला ऐकू कमी येतं, आणि गावातल्या गोष्टी तिच्या कानात घालायला कुणाला वेळ नव्हता. ती रोज येऊन पोरीला तेल लावून जायची. दत्तराव ती आली की टाकीकडं निघून जायचा.

बुद्धपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. नीलमला न्यायला पाथरीहून तिची सासरची मंडळी उद्या येणार होती. दुपारी चारला आभाळ भरून आलं. या वेळी गारा नव्हत्या, नुसता वळवाचा पाऊस, पण असा की पाच मिनिटांत बोळीतून पाणी वाहू लागलं.

सात पत्र्यांतून सात धारा घरात पडायला लागल्या. सत्यशीलेनं एकीखाली घागर ठेवली, एकीखाली बादली, एकीखाली ती खळ्यांची परात. परातीवर पाणी ताडताड वाजायला लागलं. गोधड्या भिजल्या, पिठाचा डबा भिजला, उद्याच्या पाहुण्यांसाठी आणलेली साखर भिजली. कोरडी जागा घरात एकच होती, तानुमायच्या पत्र्याखालची. नीलम पोरीला घेऊन तिथं सरकली. मग सत्यशीला सरकली. दत्तराव भिजत उभा राहिला.

"या की हिकडं," सत्यशीला म्हणाली. "जागा हाय."

तो गेला नाही. दारातून समोर दिसत होतं. तानुमायच्या खोपटावर छप्पर नव्हतं. खताची प्लास्टिकची पिशवी फाडून ती तिनं शेळीच्या पाठीवर धरली होती आणि स्वतः उघड्या डोक्यानं पावसात उभी होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. लुगड्यातून पाणी निथळत होतं. शेळी तिच्या पोटात तोंड खुपसत होती.

दत्तराव धावत बोळ ओलांडून गेला. "तानुमाय, घरात चल. शेळीला मी धरतो."

"मला काय झालंय?" ती म्हणाली. पावसात तिला डोळे उघडता येत नव्हते. तिनं हातानं तोंड पुसलं, त्याच्या घराकडं मान वळवली आणि काळजीनं विचारलं, "खिळे बसलेत का नीट? गळंना ना आता?"

दत्तरावाच्या तोंडात पुन्हा ती गंजाची चव आली.

"न्हाई गळत, तानुमाय," तो म्हणाला आणि पिशवीचं दुसरं टोक हातात धरलं.